राणीचं गद्य

१२ जानेवारी

प्रिय मामा,

फोन करून उपयोग नाही म्हणून पत्र लिहिते आहे. मागच्या वेळी मी इकडून ओरडले, तू तिकडून ओरडलास आणि शेजारच्या खोलीतली मुलगी काय झालं म्हणून विचारायला आली. चाळीस वर्षं छपाईच्या यंत्राशेजारी उभं राहून तुझे कान गेले, तेव्हा आता लिहिणंच बरं.

काम असं आहे. चार वर्षं मी ज्या नाटकावर बसले आहे ते चारशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजी, आणि लिहिणारा कोण हे कोणालाच ठाऊक नाही. त्यात एक राणी आहे. चार अंक ती पद्यात बोलते, मोजूनमापून केलेल्या ओळींत. पाचव्या अंकात मुलगा गेल्याची बातमी येते आणि तिचं बोलणं गद्य होतं. मध्येच पुन्हा पद्य होतं, आणि मग परत गद्य. माझ्या प्रबंधाचा गाभा एवढाच: दुःखाने माणसाच्या भाषेचं माप सुटतं, क्षणभर सावरतं, पुन्हा सुटतं. आमच्या मार्गदर्शक बाईंनी तीस वर्षांपूर्वी या नाटकाची आवृत्ती संपादित केली, तेव्हा प्रस्तावनेत हे सुचवलं होतं. त्यांचं नाव झालं ते त्या प्रस्तावनेमुळे. मी तेच दोनशे पानांत सिद्ध करते आहे.

तीस जूनला प्रबंध द्यायचा. दिला, तर ऑगस्टपासून याच विभागात तीन वर्षांची शिकवण्याची जागा. बाईंनी माझ्यासाठी शब्द टाकला आहे. नाही दिला, तर शिष्यवृत्ती संपते आणि मी आईकडे परत. तुझ्या बहिणीला तू ओळखतोसच.

छपाईबद्दलही प्रबंधात चार पानं हवीत असं बाई म्हणाल्या. खिळे जुळवणारा माणूस समोर नाटक ठेवून नक्की काय करतो, हे मी वाचलं आहे. तू केलं आहेस. ग्रंथालयात जुनी मूळ छापील प्रत आहे. तिच्यातल्या पाचव्या अंकाच्या आठ पानांचे फोटो मोठे करून सोबत पाठवते आहे. बघ आणि सुचेल ते लिही. घाई नाही. म्हणजे आहे, पण तू करू नकोस.

तुझी,
ठकी

२४ जानेवारी

प्रिय ठके,

अगं, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कोणी पहिल्यांदा काही विचारलं. तुझी मामी म्हणते, चेहरा बघा ह्यांचा, लग्नाच्या दिवशीसुद्धा असा नव्हता.

फोटो जेवणाच्या टेबलावर मांडलेत. आम्ही दोन दिवस उभ्याने जेवतोय. इंग्रजी मला फारसं येत नाही हे तुला माहीत आहे, पण त्याने बिघडत नाही. आमच्याकडे इंग्रजी कामही यायचं, आणि मी न कळता कितीतरी फर्मे लावलेत. राणी काय म्हणते ते मला कळत नाही, पण ती किती जागा घेते ते कळतं.

आता आमचं काम. डाव्या हातात पट्टी, उजव्या हाताने खान्यातून एकेका अक्षराचा खिळा उचलायचा, उलटा. ओळ भरली की पुढची. पान भरलं की दोऱ्याने बांधायचं. पाठ मोडते, पण हात चालत राहतो. वाचायचं नाही असा नियम. वाचायला लागलं की हात थांबतो. तरी सगळं डोक्यात राहतं, त्याला इलाज नाही. फोरमन म्हणायचा, तुझं डोकं म्हणजे अडगळीची खोली आहे.

एक विचारतो. नाटकाच्या बाकीच्या पानांवर किती ओळी येतात? हवं तर दहा पानं धर, पण मोजून कळव. आणि या आठ पानांतलं पहिलं कोणतं? एका पानाच्या तळाशी बारीक अक्षर आणि आकडा दिसतो, फर्मा, म्हणजे एका दुमडलेल्या कागदाची सगळी पानं, सुरू होतो तिथे तशी खूण करतात. तेच पहिलं ना?

मामा

६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

ग्रंथालयातल्या प्रतीची बारा पानं पडद्यावर मोजली. प्रत्येकावर अडतीस. तुझा अंदाज बरोबर, खुणेचं पान तेच पहिलं. त्यापुढची सात क्रमाने.

चर्चासत्रात राणीवरचं प्रकरण वाचलं. टाळ्या बऱ्या वाजल्या. एक गृहस्थ म्हणाले की मी दुःखाचं व्याकरण लिहिलं आहे. मी त्यांचे आभार मानले आणि चहा घ्यायला गेले. बाई खूष आहेत, आणि त्या खूष झाल्या की माझा चष्मा बदलायला सांगतात, तसं सांगितलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर एकजण त्याच काळातल्या नाटकांतल्या विदूषकांवर काम करतो. ऑगस्टच्या जागेसाठी दुसरं नाव त्याचं आहे. माणूस चांगला आहे, त्यामुळे त्याचा राग येत नाही, हीच अडचण.

ओळी कशाला मोजायला लावल्यास?

ठकी

१९ फेब्रुवारी

प्रिय ठके,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. मामी म्हणाली, फाडायचंच असेल तर कोरं फाडा, शाई तरी वाचेल. आता आहे तसं सांगतो.

एक कोरा कागद घे. मधून दुमड, मग आडवा एकदा दुमड. आठ पानांची चोपडी झाली. तिच्यावर एक ते आठ आकडे घाल आणि कागद उलगड. बघ, एका बाजूला एक, चार, पाच, आठ आले. दुसऱ्या बाजूला दोन, तीन, सहा, सात. बरोबर?

लहान छापखान्यात खिळे पुरत नाहीत. म्हणून आधी एक बाजू लावायची, छापायची, खिळे सोडवून परत खान्यात टाकायचे, मग दुसरी बाजू. म्हणजे पहिल्या पानानंतर लगेच चौथं लावायचं! पण दुसरं-तिसरं लावलेलंच नाही, तर चौथं सुरू कुठून करायचं? अंदाजाने. हस्तलिखितावर आधीच खुणा करून ठेवायच्या, इथवर दुसरं, इथवर तिसरं. आणि अंदाज चुकला तर? चौथं पान तर छापून झालं, आणि मधला मजकूर जास्त निघाला. मग तो दोन पानांत कोंबायचा. पद्याची ओळ अर्ध्यावर संपते, उजवीकडे जागा मोकळी राहते. ओळी सलग जोडून गद्यासारख्या लावल्या की तिनाच्या दोन होतात. मी स्वतः केलंय हे.

ठके, तुझी राणी गद्यात कुठे बोलते ते बघ. दुसरं, तिसरं, सहावं, सातवं पान. पद्यात कुठे? चौथं आणि पाचवं. कोंबलेल्या पानांवर चाळीस ओळी आहेत, तुझ्या बाकीच्या पानांवर अडतीस. पात्र रंगमंचावरून गेल्याची सूचना इतर पानांवर वेगळ्या ओळीत आहे, इथे मागच्या ओळीच्या शेपटीला चिकटवली आहे. आणि एकटी राणीच नाही, त्या चार पानांवर तो बातमी आणणारा दूतही गद्यात बोलतो. त्याचं कोण गेलं होतं?

राणी सावरत नाही गं. पान बदलतं.

माझं चुकत असेल तर सांग. चुकत असावं असं मलाही वाटतं.

मामा

३ मार्च

मामा,

आपलं पत्र मिळालं. छपाईच्या माहितीबद्दल आभार, ती चार पानांत उपयोगी पडेल.

नाटकाच्या अर्थाबद्दल मी आपलं मत मागितलं नव्हतं. आपण सांगितलेली छपाईची पद्धत मला माहीत आहे. पहिल्याच वर्षी ती वाचली होती आणि परीक्षेत तिच्यावर उत्तरही लिहिलं होतं. ज्या माणसाने जन्मभर जागाच मोजली त्याला सगळीकडे जागाच दिसणार, यात नवल नाही. पण तीस वर्षं या विषयातली मोठी माणसं जे मानत आली, ते जेवणाच्या टेबलावर एक कागद दुमडून तुम्ही निकालात काढावं, हे जरा जास्त झालं.

फोटो परत पाठवण्याची गरज नाही.

आपली भाची

१८ मे

प्रिय ठके,

रागावलीस तरी ठकीच. 'तुम्ही' वाचलं. 'आपली'ही वाचलं. अडीच महिने पत्र नाही, तेही वाचलं.

मुद्द्याचं सांगतो. मी भिंग घेऊन ती पानं पुन्हा नीट पाहिली. माझीच चूक झाली होती. त्या चार पानांवरही अडतीसच ओळी आहेत, मी दोन-दोन जास्त धरल्या. फर्मा दुमडतानाही गल्लत झाली. इतकी वर्षं झाली, हाताची सवय गेली. जागा पुरेशी होती, तेव्हा ज्याने लावलं त्याने हस्तलिखितात होतं तसंच लावलं असणार. तुझ्या बाई बरोबर आहेत. प्रबंध बिनधास्त देऊन टाक. हवं तर लिही की एका जुन्या कंपोझिटरला विचारलं, त्यालाही शंका वाटली नाही.

म्हाताऱ्या माणसाचं मनावर घेऊ नये. जेवत जा. चष्मा बदल.

मामा

९ जुलै

प्रिय मामा,

प्रबंध दिला नाही. ऑगस्टची जागा विदूषकवाल्याला मिळाली. हे आधी लिहिते, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील.

तुझं मेमधलं पत्र आलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी खोलीत एकटीच हसले. तीन दिवस तो आनंद टिकला. तू सांगितलंस ती तळटीपही टंकली: 'अनुभवी कंपोझिटरच्या मते या पानांवर जागेची अडचण दिसत नाही.' वाक्य चांगलं झालं होतं. चौथ्या दिवशी ग्रंथालयात दुसऱ्याच कामाला गेले आणि नाटकाची ती मूळ प्रत मागवली. काचेच्या दारामागची लहान खोली, पेन्सिल सोडून काही आत न्यायचं नाही. पुस्तक फोमच्या उशीवर ठेवतात आणि पानांवर मण्यांची जड दोरी टाकतात. पेन्सिलीचं बोथट टोक कागदाला न लावता मी ओळी मोजल्या. चाळीस. परत मोजल्या. चाळीस. चारही पानांवर.

मामा, तुला खोटं बोलता येत नाही. फर्मा दुमडताना गल्लत? तू? मी पाच वर्षांची असताना तू मला कोणत्याही कागदाची चोपडी करून द्यायचास, डोळे मिटून.

खरं म्हणजे मला फेब्रुवारीतच कळलं होतं. तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी कागद दुमडला. आकडे घातले, उलगडला, आणि राणीची पानं त्याच्याशी ताडून पाहिली. चार वर्षं मी नाटक वाचलं ते बाईंच्या आवृत्तीत. तिच्यात मूळ पानं कुठे संपतात ते दिसतच नाही. मूळ प्रत पाहिली ती पडद्यावर, एकेक पान सुटं. परीक्षेत त्या पद्धतीवर उत्तर लिहिणारी मी, माझ्या हाताने एक कागद कधी दुमडला नव्हता. दूताच्या गद्यावर माझी तळटीप काय होती सांगू? 'राणीच्या दुःखाचा संसर्ग दूताच्या भाषेलाही होतो.' हस पोट धरून. मी हसले नाही, तुला ते पत्र लिहिलं. त्यातलं सगळ्यात वाईट वाक्य कोणतं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. त्याबद्दल मला लाज वाटते. मामा, माफ कर.

बाईंकडे गेले. त्यांच्या टेबलावर कागद दुमडून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलगडला, पुन्हा दुमडला. मग म्हणाल्या, "दुमडणार कोण आहे? परीक्षक दोन. एक माझी आवृत्ती वापरतो, दुसरा माझा विद्यार्थी. आत्ता देऊन टाक. दुरुस्ती पुढे पुस्तकात करू." त्या वाईट नाहीत. मी उपाशी राहू नये असंच त्यांना वाटत होतं. आणि ती प्रस्तावना त्यांची आहे.

मी एक आठवडा मागितला. त्या आठवड्यात काही फार विचार केला असं नाही. रोज प्रबंध उघडायचे आणि राणीचं प्रकरण वाचायचे. ते चांगलं लिहिलं आहे. पण प्रत्येक परिच्छेदाशी मला आता एक घामाघूम झालेला माणूस दिसायला लागला, जागा पुरत नाही म्हणून ओळी जोडत बसलेला. मी दोनशे पानं त्याच्या घाईला दुःख म्हणत आले होते. सातव्या दिवशी मुदतवाढीचा अर्ज दिला. बाईंनी सही केली, माझ्याकडे न बघता. मग म्हणाल्या, "नवीन प्रकरणात माझी चूक माझ्या नावासकट लिही. गुळमुळीत नको." मला एकदम रडू आलं, त्यांना आलं नाही.

मुदतवाढ एक वर्षाची आहे, शिष्यवृत्तीशिवाय. दुपारी ग्रंथालयातच पुस्तकं जागेवर लावायचं काम मिळालंय. आईला अजून सांगितलं नाही. तू सांगू नकोस.

आता प्रबंध त्या घामाघूम माणसावर आहे. म्हणून तुला पुन्हा प्रश्न, आणि यावेळी मत मागते आहे. त्याने एवढी कसरत केली. चार-सहा ओळी सरळ गाळून टाकल्या असत्या तर कोणाला कळलं असतं? तसं कोणी करायचं का?

तुझी,
ठकी

२१ जुलै

प्रिय ठके,

तुझ्या आईला कळलंय. मी सांगितलं नाही, तिला आपोआप कळतं. मेमध्ये नुसतं आपलं भांडण कळलं, तेव्हाच ती इथे आली होती, दारातूनच बोलायला सुरुवात: तुझ्या त्या खिळ्यांनी माझ्या मुलीचं वाटोळं केलंस, ती जेवत नाही, झोपत नाही. म्हणून ते खोटं पत्र लिहिलं. ते लिहिताना हात अडखळला नाही, याचं मला वाईट वाटलं. तू जागा घालवलीस याचं दुःख आहेच. पण तू मोजलंस, हे मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

आता तुझा प्रश्न. तसं कोणी करायचं का?

मी केलंय.

अठ्ठेचाळीस वर्षं झाली. एक नाटक आलं आमच्याकडे, नवीन, छापलं जायचं होतं पहिल्यांदाच. हस्तलिखित एकच. लेखक इस्पितळात. पुस्तक सहा फर्म्यांत बसवायचं, त्यापुढे एक पान चालणार नाही असं मालकांनी बजावलेलं. शेवटच्या पानावर अकरा ओळी उरल्या. नाटकातला म्हातारा बाप मुलगी निघून गेल्यावर एकटा बोलतो, त्या. ओळी जोडून बघितल्या, मावेनात. फोरमन रजेवर, संध्याकाळी यंत्र सुरू व्हायचं. माझं वय एकवीस, नोकरी नवी. मी त्या अकरा ओळी सोडवून खिळे परत खान्यात टाकले. दार बंद होतं आणि नाटक संपतं, असं झालं. प्रूफ बघणाऱ्याच्याही ते लक्षात आलं नाही. पुस्तक बाहेर पडायच्या आत लेखक गेला. हस्तलिखित रद्दीत गेलं, सगळीच जायची.

मग त्या पुस्तकावरून प्रयोग झाले. अजून होतात. त्या शेवटाचं फार कौतुक आहे. बाप काही बोलत नाही, नुसता दाराकडे बघतो, ती शांतता म्हणे लेखकाने फार हिमतीने ठेवली. तू शाळेत असताना मी तुला ते नाटक दाखवायला नेलं होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो, सुटलेली नव्हती तरी.

मामीलाही हे माहीत नव्हतं. काल सांगितलं. तिने उठून टेबल मोकळं केलं आणि कागद आणून ठेवले.

त्या लेखकाची मुलगी आहे. मालकांच्या मुलाकडून पत्ता मिळवला. तिला सगळं लिहिलं, काय केलं, कोणत्या दिवशी, कोणाला न विचारता. माफी मागितली, पण ती तिने द्यावीच असं लिहिलं नाही. आणि त्या ओळी लिहून पाठवल्या. उलट्या लावलेल्या आणि उलट्याच सोडवलेल्या, म्हणून बहुधा राहिल्या डोक्यात. नऊ पक्क्या आठवतात. उरलेल्या दोन ओळींत एकेक शब्द गेला आहे. काल दिवसभर आठवत बसलो. तिथे बसतील असे दोन-तीन शब्द सुचले, चांगले सुचले. ते घातले नाहीत. त्या दोन ठिकाणी जागा मोकळी सोडली आहे, शब्द मावेल एवढी.

आज सकाळी पत्र टपालात टाकून आलो.

मामा